उएनोचा बहर : एका शहराने घडवलेला आणि जपलेला वसंत

मध्य टोकियोच्या ईशान्येस, उएनो रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या टेकडीवर आणि तिच्या पायथ्याच्या तळ्याभोवती सुमारे ५३ हेक्टर क्षेत्रात पसरलेले उएनो उद्यान हे जपानमधील पहिल्या सार्वजनिक उद्यानांपैकी एक असून, मार्चच्या अखेरीस आणि एप्रिलच्या आरंभी तेथे येणाऱ्या चेरीच्या बहरासाठी ते जगभर ओळखले जाते. चेरीचे झाड आणि त्याचे फूल या दोहोंना जपानीत ‘साकुरा’ म्हणतात, तर फुलांच्या दिवसांत झाडांखाली जमून बहर पाहण्याच्या, खाण्यापिण्याच्या आणि गप्पागोष्टींच्या प्रथेला ‘हानामी’ असे नाव आहे. उद्यानात चेरीची आठशेच्या आसपास झाडे आहेत आणि त्यांतील बहुतेक झाडे एकाच आठवड्यात फुलत असल्यामुळे त्या दिवसांत टेकडीवरचा मुख्य रस्ता माणसांनी अक्षरशः भरून जातो. हा देखावा निसर्गाने सहजगत्या दिलेले दान आहे असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु जागेची निवड, झाडांची जात, बहराच्या तारखेचे भाकीत आणि गर्दीची शिस्त या साऱ्यांमागे माणसांनी केलेले निर्णय आहेत. आठवडाभर टिकणाऱ्या या सौंदर्याला शतकानुशतकांच्या निगराणीचा आधार आहे, हे समजून घेतले तर उएनोची भेट कितीतरी अधिक अर्थपूर्ण होते.

मंदिराच्या टेकडीचे उद्यान कसे झाले

आज उद्यान आहे त्या जागी इ. स. १६२५ मध्ये तेनकाई या बौद्ध भिक्षूने कानेइजी या मंदिराची स्थापना केली. त्या काळी टोकियोचे नाव एदो होते आणि तोकुगावा घराण्यातील शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्यकारभार चालवणारे लष्करी प्रमुख, तेथून देशावर सत्ता गाजवीत होते. अनिष्ट शक्ती ईशान्य दिशेने प्रवेश करतात अशी समजूत असल्यामुळे क्योतो या जुन्या राजधानीचे रक्षण तिच्या ईशान्येला हिएई पर्वतावर असलेले मंदिर करते असे मानले जाई, आणि त्याच धर्तीवर एदोच्या किल्ल्याच्या ईशान्येस कानेइजी उभारण्यात आले. क्योतोच्या परिसराशी असलेले हे साम्य पुढे अधिकच वाढवले गेले. पायथ्याच्या शिनोबाझु तळ्याला बिवा सरोवराच्या जागी कल्पून त्यात एक बेट रचण्यात आले, आणि क्योतोतील प्रसिद्ध कियोमिझु मंदिराच्या नमुन्यावर टेकडीच्या उतारावर कान्नोनचे, म्हणजे बौद्ध परंपरेतील अवलोकितेश्वराचे, मंदिर बांधण्यात आले. नारा प्रांतातील योशिनो पर्वत चेरीसाठी पूर्वापार ख्यातनाम होता आणि तेथील चेरीची झाडे तेनकाईने या टेकडीवर आणून लावली असे परंपरा सांगते.

हानामीची प्रथा त्याहून पुष्कळ जुनी आहे. आरंभी चीनच्या प्रभावामुळे दरबारी मंडळींच्या आवडीचे फूल ‘उमे’ हे होते. जर्दाळूशी जवळचे नाते असलेले हे झाड हिवाळा सरता सरता फुलते. सम्राट सागा याने इ. स. ८१२ मध्ये क्योतोतील राजोद्यानात चेरीच्या फुलांचा सोहळा केल्याची नोंद असून, तेथपासून चेरीला दरबारात मानाचे स्थान मिळत गेले. एदो काळात ही हौस सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचली, परंतु कानेइजी हे शोगुन घराण्याचे कुलमंदिर असल्यामुळे आणि सहा शोगुनांच्या समाध्याही तेथेच असल्यामुळे उएनोत गाणेबजावणे व मद्यपान यांवर बंधने होती आणि संध्याकाळी दरवाजे बंद होत असत. आठवा शोगुन योशिमुने याने १७२० च्या सुमारास आसुकायामा टेकडीवर आणि सुमिदा नदीच्या काठी चेरीची मोठी लागवड करवून घेतली, ती लोकांना मनमोकळेपणाने वसंत साजरा करता यावा म्हणून. शहरातील फुलझाडे ही नागरिकांसाठी करावयाची सोय आहे हा विचार त्या लागवडीत स्पष्ट दिसतो.

१८६८ मध्ये शोगुनशाहीचा अंत होऊन सम्राटाच्या नावाने नवे शासन आले, तेव्हा शोगुनशी एकनिष्ठ राहिलेल्या सैनिकांनी उएनोच्या टेकडीवर अखेरचा प्रतिकार केला आणि त्या लढाईत कानेइजीचा बहुतांश भाग जळून खाक झाला. उजाड झालेल्या जागेवर वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय बांधण्याची योजना पुढे आली होती. मात्र जपानी शासनाच्या सेवेत असलेले डच डॉक्टर अँथोनियस बॉडुइन यांनी ही वनश्री नष्ट न करता येथे उद्यान करावे असे सुचवले, आणि त्यांचा अर्धपुतळा आजही उद्यानात आहे. १८७३ मध्ये शासनाने एका आदेशाद्वारे सार्वजनिक उद्यानांची संकल्पना देशात आणली आणि टोकियोतील ज्या पाच जागा त्यासाठी निवडल्या, त्यांत उएनोचा समावेश झाला. १८७६ मध्ये उद्यानाचे औपचारिक उद्घाटन झाले, १८८२ मध्ये तेथे राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत आणि देशातील पहिले प्राणिसंग्रहालय सुरू झाले, आणि १९२३ च्या महाभूकंपात घरे गमावलेल्या असंख्य लोकांनी याच मोकळ्या जमिनीवर आश्रय घेतला. पुढच्याच वर्षी राजघराण्याने आपल्या मालकीची ही जागा टोकियो शहराला भेट दिली. इमारतींच्या दाटीत मोकळी ठेवलेली जमीन संकटकाळी शहराचे प्राण वाचवते, याचे उएनो हे मोठे उदाहरण ठरले.

एकाच झाडाची असंख्य रूपे

आजच्या बहरात ज्या जातीचा वाटा सर्वांत मोठा आहे, तिचे नाव ‘सोमेई योशिनो’ असे आहे. एदो शहराच्या कडेला सोमेई हे बागवानांचे गाव होते आणि तेथील रोपवाटिकांतून ही चेरी एदो काळाच्या अखेरीस ‘योशिनो’ या नावाने विकली जात असे, त्यामुळे ती योशिनो पर्वतावरची रानचेरीच आहे असा समज पसरला होता. १८८० च्या दशकात उएनो उद्यानातील चेरींची पाहणी करताना फुजिनो या वनस्पतिअभ्यासकाच्या लक्षात आले की ही झाडे योशिनोतील रानचेरीपेक्षा वेगळी आहेत, आणि त्यांनी १९०० मध्ये त्यांना सोमेई योशिनो हे नाव दिले. पुढील वर्षी मात्सुमुरा जिन्झो यांनी तिला ‘प्रूनस येडोएन्सिस’ असे शास्त्रीय नाव दिले. ही जात एदोहिगान आणि ओशिमा या दोन चेरींच्या संकरातून निर्माण झाली असे आता मानले जाते. निष्पर्ण फांद्यांवर आधी फूल येण्याचा गुण तिला पहिलीकडून मिळाला आणि मोठ्या आकाराची फुले दुसरीकडून मिळाली. आधी फूल आणि मग पान हा क्रम पळस आणि पांगारा पाहणाऱ्या मराठी वाचकाला परिचित आहे. एकही पान आड येत नसल्यामुळे अशा झाडाचा बहर दुरूनही नजरेत भरतो.

सोमेई योशिनोचे खरे वैशिष्ट्य तिच्या वाढवण्याच्या पद्धतीत आहे. या झाडात स्वपरागणाने बी धरत नाही, कारण फुलाचा स्त्रीकेसर स्वतःसारखीच जनुके असलेल्या परागकणांना दाद देत नाही, आणि दुसऱ्या चेरीच्या परागाने बी धरलेच तरी त्यातून उगवणारे झाड मूळ झाडासारखे निपजत नाही. म्हणून दुसऱ्या चेरीच्या खुंटावर सोमेई योशिनोची फांदी बांधून, म्हणजे कलम करून, तिची रोपे तयार करावी लागतात. कलमी झाड हे मूळ झाडाचाच वाढता भाग असल्यामुळे दोहोंची जनुकीय घडण एकच असते, आणि देशभरातील सोमेई योशिनो ही अशा रीतीने एकाच मूळ झाडापासून आलेली आहे हे १९९० च्या दशकातील जनुकीय चाचण्यांनी दाखवून दिले. ते मूळ झाड उएनो उद्यानातच असावे अशी शक्यताही चिबा विद्यापीठातील संशोधकांनी मांडली आहे.

यातूनच उएनोच्या बहराचा एकसंधपणा येतो. एकाच घडणीची झाडे एकाच हवामानात वाढत असली की त्यांच्या कळ्या जवळपास एकाच वेळी उमलतात आणि पाकळ्याही एकाच वेळी गळतात. याउलट बियांपासून वाढलेल्या रानचेरीचे प्रत्येक झाड थोडे निराळे असते, तिची फुले तांबूस कोवळ्या पालवीसोबत येतात, आणि निरनिराळी झाडे निरनिराळ्या दिवशी फुलत असल्यामुळे एदो काळातील हानामीचा हंगाम बराच लांबलेला असे. सारी टेकडी एकदम फिकट गुलाबी होऊन आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवी होते हा आजचा देखावा म्हणजे जपानची अनादी परंपरा आहे असे अनेकांना वाटते, परंतु तो मुख्यतः गेल्या दीडशे वर्षांतील लागवडीने घडवला आहे.

बहराच्या तारखेचे गणित

फुले वसंतात दिसत असली तरी त्यांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेल्या असतात. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की पानांमध्ये वाढ रोखणारे द्रव्य तयार होऊन कळ्यांपर्यंत पोहोचते, आणि कळ्या सुप्तावस्थेत, म्हणजे वाढ थांबलेल्या विश्रांतीच्या स्थितीत, जातात. ही सुप्तावस्था मोडण्यासाठी काही आठवड्यांची सलग थंडी लागते, आणि ती मिळाल्यानंतरच वाढत्या उबेला कळी प्रतिसाद देते. त्यामुळे चेरीचा बहर केवळ उन्हावर ठरत नाही. आधी पुरेशी थंडी आणि मग पुरेशी ऊब अशा दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. जपानच्या दक्षिण भागात हिवाळा फार सौम्य गेला की बहर लवकर येण्याऐवजी लांबतो, त्याचे कारण हेच आहे.

टोकियोत या क्रियेचा एक सोपा ठोकताळा रूढ आहे. १ फेब्रुवारीपासून दररोजचे कमाल तापमान बेरजेत धरत जावे आणि ती बेरीज ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली की पहिली फुले उमलण्याची अपेक्षा ठेवावी. कमाल तापमानाची सरासरी १२ अंश राहिली तर ही बेरीज पन्नासाव्या दिवशी, म्हणजे २२ मार्चला, पूर्ण होते, आणि प्रत्यक्षातही १९९१ ते २०२० या काळाच्या सरासरीनुसार टोकियोत फुले उमलण्याची तारीख २४ मार्च, तर पूर्ण बहराची तारीख ३१ मार्च आहे. अधिकृत घोषणा जपानची हवामान संस्था करते. त्यासाठी यासुकुनी मंदिराच्या आवारातील एक सोमेई योशिनो नमुना म्हणून निश्चित केलेली असून, तिच्यावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की बहराचा आरंभ आणि ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर जाहीर होतो. नोंदीसाठी ही जात सोयीची ठरते, कारण सर्वत्र तेच झाड असल्यामुळे दोन शहरांच्या तारखांतील फरक झाडाचा नसून हवामानाचा आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

या नोंदींचे मोल उत्सवापुरते नाही. क्योतोतील सम्राट, सरदार आणि भिक्षू यांच्या दैनंदिन्यांमधून रानचेरीच्या पूर्ण बहराच्या तारखा गोळा करून संशोधक आओनो यासुयुकी यांनी इ. स. ८१२ पर्यंत मागे जाणारी मालिका तयार केली, आणि निसर्गातील ऋतुबदलाची ती जगातील सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक समजली जाते. त्या मालिकेत २०२१ मधील २६ मार्च ही क्योतोतील पूर्ण बहराची तोपर्यंतची सर्वांत लवकरची तारीख ठरली. टोकियोतही २०२०, २०२१ आणि २०२३ या तीन वर्षांत फुले १४ मार्चलाच उमलली, आणि नोंदी सुरू झाल्यापासून ती तेथील सर्वांत आधीची तारीख आहे. वाढते जागतिक तापमान आणि सिमेंट-डांबराच्या शहरात साठून राहणारी उष्णता या दोहोंचा परिणाम या तारखांत दिसतो. शाळेचे नवे वर्ष एप्रिलच्या आरंभी सुरू होताना अंगणात चेरी फुललेली असायची, हे टोकियोतील जुन्या पिढीचे चित्र त्यामुळे बदलत चालले आहे.

उद्यानात फिरताना

उद्यानात प्रवेशशुल्क नाही, आणि नारिता विमानतळाकडून येणारी केइसेई रेल्वे थेट उद्यानाच्या पायथ्याशी थांबत असल्यामुळे परदेशी प्रवाशालाही येथे पोहोचणे सोपे आहे. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे माथ्यावर एकमेकांत मिसळतात, आणि बहराच्या दिवसांत संध्याकाळी तेथे कागदी कंदिलांच्या धर्तीचे दिवे लावले जातात. गर्दी टाळावयाची असल्यास आठवड्यातील कामाच्या दिवशी भल्या सकाळी जाणे उत्तम. सोमेई योशिनोच्या आधी फुलणाऱ्या आणि तिच्यानंतर एप्रिलच्या मध्यात फुलणाऱ्या अनेक पाकळ्यांच्या चेरीही येथे असल्यामुळे, ऐन बहराची तारीख चुकलेला प्रवासीही निराश होत नाही. १६५१ मध्ये बांधलेले तोशोगू मंदिर १८६८ च्या लढाईतून वाचले असून, त्याच्या आवारातील बागेत एप्रिलच्या मध्यापासून पिओनीची मोठी फुले पाहता येतात. फ्रेंच-स्विस वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी आराखडा केलेले आणि २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेले पाश्चात्त्य कलेचे संग्रहालयही याच उद्यानात आहे.

भारतीय प्रवाशाने शिनोबाझु तळ्यातील बेटावर आवर्जून जावे. तेथील मंदिर बेन्झाइतेन या देवीचे आहे, आणि ही देवी म्हणजे बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचलेली सरस्वतीच होय. जपानात तिच्या हाती वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य आले, परंतु वाणी, संगीत आणि जलप्रवाह यांच्याशी असलेले तिचे नाते कायम राहिले आणि म्हणूनच तिची मंदिरे बहुधा पाण्याकाठी आढळतात. मूळ मंदिर १९४५ च्या हवाई हल्ल्यांत नष्ट झाले आणि आजची वास्तू १९५८ मधील आहे. वसंतात या तळ्याचा काठ चेरीने फुलतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच पाण्यात कमळे उमलतात.

झाडांखाली बसण्याच्या प्रथेलाही काही नियम आहेत. मंडळी ठरावीक जागी सतरंजीसारखे प्लास्टिक अंथरतात, पादत्राणे त्याबाहेर काढून ठेवतात आणि घरून किंवा दुकानातून आणलेले डबे एकत्र बसून खातात. गुलाबी, पांढऱ्या आणि हिरव्या गोळ्यांचे दांगो आणि खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली साकुरामोची हे या दिवसांचे खास गोड पदार्थ असून, साकुरामोचीचे पान सोमेई योशिनोची एक जनक असलेल्या ओशिमा चेरीचे असते. विस्तव पेटवणे, फांद्या ओढणे आणि झाडांना दोऱ्या बांधणे निषिद्ध आहे. या मनाईला वनस्पतिशास्त्राचा आधार आहे. चेरीची मुळे जमिनीच्या वरच्या थरात पसरतात आणि हजारो पावलांखाली माती दाबली गेली की त्यांना हवा व पाणी मिळेनासे होते. तसेच मोडलेल्या फांदीची जखम लवकर भरून येत नसल्यामुळे तेथून कुजणारी बुरशी खोडात शिरते. चेरी छाटणारा मूर्ख आणि उमे न छाटणाराही मूर्ख, अशा अर्थाची जी जपानी म्हण आहे, ती बागवानांच्या याच अनुभवातून आली आहे.

पुढच्या पिढीचा बहर

सर्व झाडे एकाच घडणीची असण्यातून जसे सौंदर्य येते, तसाच धोकाही येतो, कारण एका झाडाला बाधणारा रोग तशाच प्रत्येक झाडाला बाधू शकतो. फांद्यांवर झाडूसारखे झुपके निर्माण करून फुले कमी करणारा एक बुरशीजन्य रोग सोमेई योशिनोला सहज जडतो. शिवाय परदेशातून आलेला, लाल मानेचा एक लांब मिशांचा भुंगेरा खोड पोखरून झाडे मारू लागला असून, जपान शासनाने २०१८ मध्ये त्याला घातक परकीय प्रजाती म्हणून घोषित केले. दुसऱ्या महायुद्धानंतर देशभर मोठ्या प्रमाणावर लावलेली झाडे आता वृद्ध झाली आहेत, आणि दाबलेल्या मातीत व धुरकट हवेत वाढलेल्या शहरी झाडांचा जोम साठ वर्षांच्या आसपास ओसरू लागतो असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यामुळे पोकळ खोडांची तपासणी, धोकादायक फांद्यांना टेकू देणे, मुळांभोवतीची माती मोकळी करणे आणि मेलेल्या झाडांच्या जागी नवी झाडे लावणे ही कामे वर्षभर करावी लागतात. अनेक ठिकाणी नव्या लागवडीसाठी सोमेई योशिनोऐवजी तिच्यासारखीच दिसणारी, परंतु रोगाला अधिक तोंड देणारी ‘जिंदाई आकेबोनो’ ही जात निवडली जात आहे.

हा बदल काहींना परंपरेचा भंग वाटू शकेल, पण उएनोचा इतिहास पाहता बदल हाच या परंपरेचा प्राण आहे. मंदिराच्या रानचेरीची जागा रोपवाटिकेतील कलमांनी घेतली, शोगुनांच्या पवित्र टेकडीवर नागरिकांचा हक्क आला, आणि दरबारी दैनंदिन्यांतील टिपणे हवामानशास्त्राची साधने बनली. या प्रत्येक टप्प्यावर झाडांची काळजी घेणारे आणि त्यांची नोंद ठेवणारे लोक होते म्हणूनच बहर अखंड राहिला. आज लावलेल्या कलमाचा ऐन भर जे पाहतील त्यांतील बहुतेकांचा अजून जन्मही झालेला नाही, आणि तरीही ते कलम लावले जाते. फुलांच्या उद्यानाची इच्छा बाळगणाऱ्या कोणत्याही शहराला उएनोकडून घेता येण्याजोगा धडा हाच आहे : त्यासाठी जमीन बांधकामापासून राखावी लागते, झाडांचा अभ्यास करावा लागतो, येणाऱ्या प्रत्येकाला मुळांवर पाय न ठेवण्याइतका संयम शिकावा लागतो, आणि हे सारे फुले नसलेल्या दहा-अकरा महिन्यांतही चालू ठेवावे लागते.